‘हा त्रिकोण नाही, काटा आहे’ : कागदकामातून आकार शिकवताना आलेली अडचण

प्रश्न – निळी_घडी

नमस्कार. माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. गेले तीन महिने आम्ही दोघे रोज संध्याकाळी अर्धा तास कागदकाम करतो. मी रंगीत घोटीव कागदाचे चौरस, त्रिकोण, आयत आणि वर्तुळे कापून देते आणि तो ती चिकटवून घर, मासा, आगगाडी असे काहीबाही तयार करतो. चारही आकारांची नावे तो न चुकता सांगत असल्यामुळे काम फत्ते झाले, अशा समजुतीत मी होते.

मागच्या आठवड्यात कापताना उरलेला एक लांबट, निमुळता तुकडा त्याने उचलला आणि याचे नाव काय, असे विचारले. तीन बाजू आहेत म्हणजे हाही त्रिकोणच, असे मी सांगितल्यावर त्याने साफ नकार दिला. “हा त्रिकोण नाही, काटा आहे.” मग मी घराचे छप्पर टोक खाली करून ठेवले, तर “त्रिकोण उलटा पडला” आणि चौरस कोपऱ्यावर उभा केला, तर “आता हा पतंग झाला.”

माझ्या पद्धतीत काही चुकते आहे, की या वयात यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये? शिवाय आकार मीच कापून द्यावेत, की कात्री त्याच्या हाती द्यावी, याबद्दलही अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ – बालवर्ग_ताई

आपल्या मुलाचे काहीही बिघडलेले नाही. या वयाची मुले आकार बाजू मोजून ओळखत नाहीत, तर एकूण रूपावरून ओळखतात, जसा आपण माणसाचा चेहरा ओळखतो. पिअर आणि दीना व्हॅन हीले या डच शिक्षक दांपत्याने 1957 मध्ये भूमितीच्या आकलनाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांतली पहिली पायरी नेमकी हीच आहे. बाजू आणि कोन यांच्याकडे लक्ष जाणे ही पुढची पायरी, आणि ती वय वाढल्याने आपोआप येते असे नसून मुलाला काय काय हाताळायला मिळते, यावर ती बरीच अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आता पद्धतीबद्दल. आपण कापून दिलेले सर्व त्रिकोण बहुधा छपरासारखे असणार, म्हणजे दोन बाजू सारख्या आणि पाया आडवा. तीन महिने एकच चेहरा पाहिलेल्या मुलाने दुसऱ्या चेहऱ्याला त्रिकोण म्हणायला नकार देणे हे त्याच्या निरीक्षणशक्तीला धरूनच आहे. मी वर्गात कागदाच्या कपट्यांतून वेडेवाकडे त्रिकोण मुद्दाम जमवते: काट्यासारखे, पसरट, एक कोपरा काटकोनी असलेले. त्यांच्यात थोडे फसवे तुकडेही मिसळते, उदाहरणार्थ एक बाजू फुगीर असलेला किंवा एक टोक गोलसर कापलेला. मूल प्रत्येक तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवते आणि टोक बोचले की “एक”, “दोन” असे मोजते. फसव्या तुकड्यावर बोट अडखळले, की मूल स्वतःच तो बाजूला टाकते. आपण काही बोलावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट मराठीपुरती. घरात आपण सर्रास चौरसाला ‘चौकोन’ म्हणतो आणि वर्तुळ व चेंडू या दोन्हींना ‘गोल’. चार बाजूंची कोणतीही बंद आकृती चौकोनच असते, त्यामुळे पुढे आयतालाही चौकोन म्हटल्यावर मुले गोंधळतात. चौरसाला चौरस आणि चपट्या चकतीला वर्तुळ म्हणण्याची सवय मोठ्यांनीच लावून घ्यावी. पतंग हा भूमितीतही एका वेगळ्या चौकोनाचा प्रकार आहे, पण ती भानगड इतक्यात नको.

उत्तर २ – निवृत्त_गणितमास्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र माझा कल कातरकामापेक्षा घडीकामाकडे आहे. फ्रीड्रिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी संस्था सुरू केली आणि जिला पुढे 1840 मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, तिच्या उद्योगांत कागद दुमडणे, कापणे आणि पट्ट्या विणणे यांना मानाचे स्थान होते. कारण सरळ आहे: चिकटवताना मूल आयता आकार वापरते, पण घडी घालताना एका आकारातून दुसरा निघताना पाहते.

साध्या ए-फोर कागदापासून सुरुवात करावी. तो 210 बाय 297 मिलिमीटरचा आयत असतो. त्याचा एक कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून घडी घातली, की 87 मिलिमीटर रुंदीची पट्टी उरते. ती कापून टाकल्यावर हाती येतो तो चौरस. तो मुळात कर्णावर दुमडलेलाच असतो, म्हणून उघडण्यापूर्वी मुलाला विचारावे, “आत काय असेल?” मग चौरसाची कडेवर कड आणून घडी घाला, आयत होतो, त्याच्या लांबीची पुन्हा अर्धी घडी घाला, चौरस परत येतो. मूळ ए-फोर कागदाचे तसे होत नाही. तो कितीही वेळा अर्धा केला तरी आयताचा आयतच राहतो आणि त्याचे प्रमाणही बदलत नाही. ही गंमत मुलांना माझ्यासमोर अनेकदा स्वतःहून सापडली आहे.

‘पतंगा’च्या प्रश्नावर उपाय असा. चौरसाचे चारही कोपरे मध्यबिंदूवर आणून दुमडावेत. आत नवा चौरस तयार होतो, पहिल्याच्या निम्म्या क्षेत्रफळाचा आणि कोपऱ्यावर उभा. आता कागद हळूहळू फिरवावा आणि मुलाला सांगावे, “पतंगाचा चौरस झाला की थांब म्हण.” दोन-चार वेळा ‘थांब’ म्हटल्यावर बदल कागदात होतो की आपल्या बघण्यात, ही शंका त्याच्याच मनात येऊ लागते.

कागदी चकतीची परिघाची कड केंद्राला टेकेल अशी घडी घाला, त्या घडीच्या एका टोकापासून तशीच दुसरी आणि उरलेल्या बाजूने तिसरी. वर्तुळातून समभुज त्रिकोण निघतो. ही घडी चार वर्षांच्या मुलाच्या हाताबाहेरची आहे. आपण घालावी आणि त्याने पाहावी.

उत्तर ३ – दोन_कात्र्या

मास्तरांचा मान राखून थोडा मतभेद नोंदवतो. मला जुळ्या मुली आहेत आणि चार वर्षांच्या हातांकडून कोपऱ्यावर कोपरा आणवणे म्हणजे काय असते, हे मी भोगले आहे. घडी अर्ध्या सेंटिमीटरने सरकते, चौरसाचा भलताच चौकोन होतो आणि मूल वैतागते. म्हणून मी घडी आधी घालून, नखाने पक्की करून, पुन्हा उघडून देत असे. मग कागद आपणहून त्या रेषेवर दुमडतो. घोटीव कागद घडीला निसरडा पडतो, कार्डशीट तर दुमडतानाच चिरते. साधा छपाईचा कागद उत्तम.

कात्री अवश्य द्यावी, पण गोल टोकाची, आणि आपण शेजारी बसून. पहिले काही दिवस केवळ बोटभर रुंद पट्ट्यांचे तुकडे पाडू द्यावेत; एका चापात पट्टी तुटते आणि चौरस-आयतांचा ढीग जमतो. तीच पट्टी तिरकी कापली की त्रिकोण पडू लागतात, आणि तेही हरतऱ्हेचे, म्हणजे ताईंनी सांगितलेला कपट्यांचा साठा मूल स्वतःच तयार करते. वर्तुळ सर्वांत शेवटी. ते कापताना कात्री स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा असतो, हे मुलांना कोणी सांगत नाही. माझी एक मुलगी डावखुरी आहे. नेहमीच्या कात्रीने तिला कापायची रेषाच दिसत नसे, कारण पाते आड येत असे. डावऱ्या हाताची कात्री आणल्यावर आठवड्याभरात तिचा हात बसला.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर – निळी_घडी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. तिरक्या पट्ट्यांचा उपाय सर्वाधिक लागू पडला. आमच्याकडे आता त्रिकोणांनी भरलेला एक डबा आहे आणि ‘काटा’ बोट फिरवून, तीन टोके मोजून, काहीशा नाराजीनेच त्यात दाखल झाला आहे. कोपरे मध्यावर आणण्याची घडी मात्र मलाच तीनदा घालावी लागली. फिरवण्याच्या खेळात तो पहिल्या दिवशी दर वेळी वेगळ्या जागी “थांब” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने कागद जागेवर ठेवून स्वतःचीच मान वाकडी केली.

काल मी एक प्रयोग आपल्या मनाने केला. चौरस कागदाच्या उभ्या-आडव्या दोन घड्या घालून मध्यबिंदूचा कोपरा त्याच्याकडे केला आणि एका चापात तो कापायला सांगितले. खाली पडलेला तुकडा त्रिकोणी दिसत होता, म्हणून कागद उघडल्यावर भोकही त्रिकोणीच असणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. कागद उघडला तेव्हा मध्ये चार कोपऱ्यांचे भोक होते. त्याने पडलेला तुकडा उचलून भोकावर ठेवून पाहिला, तो बसेना. मग तुकड्याचीही घडी आहे हे त्याच्या लक्षात आले आणि तो एकेक पदर उलगडू लागला. पूर्ण उघडलेला तुकडा भोकात बसवून झाल्यावर त्याने कागद थोडा फिरवला, थोडा परत फिरवला आणि मला विचारले, “भोक चौरस आहे की पतंग?” मी त्यालाच विचारले, तर म्हणाला, “तू कुठे बसली आहेस त्यावर आहे.”