गर्भजल तपासणीत डाऊन सिंड्रोम निश्चित झाले. आता देवाकडे काय मागावे?

प्रश्न

मी ३४ वर्षांची असून इंदूरला सासरी राहते. लग्नानंतर सात वर्षांनी दिवस राहिले. घर दत्तभक्तीचे आहे. दिवस राहावेत म्हणून सासूबाईंनी पारायणाचा सप्ताह केला होता आणि मी स्वतः खजराण्याच्या गणपतीला जाऊन मंदिराच्या मागच्या भिंतीवर नवसाचे उलटे स्वस्तिक काढून आले होते (इच्छा पूर्ण झाली की ते सुलटे करायचे असते). रक्तावरच्या एनआयपीटी तपासणीत धोका अधिक असल्याचे आले, सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासायला दिले आणि गेल्या मंगळवारी एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असल्याचा, म्हणजे मुलाची शारीरिक-बौद्धिक वाढ मंदावणारा डाऊन सिंड्रोम असल्याचा, अहवाल हाती आला. आज अठरा आठवडे पूर्ण झाले आहेत. तो लिफाफा मी देवघरात ताम्हनाखाली ठेवला आहे, कारण दुसरीकडे कुठे ठेवावा हे मला सुचले नाही.

अहवाल देणाऱ्या डॉक्टरांनी "पुन्हा प्रयत्न करता येईल" एवढे सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली. सासूबाई म्हणतात की देवाकडून मागून घेतलेले परत करायचे नसते. जाऊबाईंना मी ग्रहणात विळीवर भाजी चिरल्याचे आठवते. यजमान काहीच बोलत नाहीत. सांजवात लावताना हात जोडले जातात, पण पुढे शब्द येत नाहीत. अहवाल खोटा ठरू दे असे मागणे म्हणजे नुकतीच ज्याची हालचाल जाणवू लागली आहे ते बाळ नको असे म्हणणे होते का? आणि हा गर्भ ठेवू नये असा विचार मनात येऊन गेला असेल, तर माझी श्रद्धा खोटी होती का?

उत्तर १ (स्त्रीरोगतज्ज्ञ, इंदूर)

ताई, आधी ग्रहणाचे. बहुतेक वेळा बीजपेशीचे विभाजन होताना एकविसाव्या गुणसूत्राची जोडी सुटत नाही, आणि हे गर्भ राहण्यापूर्वीच घडून गेलेले असते. विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. एनआयपीटी ही केवळ चाळणी असते, परंतु गर्भजलावरची गुणसूत्र तपासणी हे निदान आहे, त्यामुळे अहवाल खोटा ठरेल या आशेवर दिवस घालवू नयेत. अशा बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, म्हणून येत्या दोन-तीन आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची इको तपासणी करून घ्या; निर्णय कोणताही असो, ती माहिती हातात हवी. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, पुढे २४ आठवड्यांपर्यंत अशा कारणासाठी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि त्यानंतर प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जाते. संमती फक्त तुमची लागते, सासूबाईंची नाही आणि यजमानांचीही नाही.

विषय श्रद्धेचा निघाला आहे म्हणून सांगते. या अवस्थेमागे एक जादा गुणसूत्र आहे हे १९५९ साली जगापुढे मांडणाऱ्यांपैकी जेरोम लेजून हे निष्ठावंत कॅथलिक होते आणि अशा गर्भपातांना त्यांनी पुढे उघड विरोध केला. त्यांच्याशी सहमत व्हा असे मी म्हणत नाही. माझ्या समोर रोज दोन्ही निर्णय घेणाऱ्या स्त्रिया बसतात आणि त्यांच्यातल्या पुष्कळ जणींच्या गळ्यात माळ असते.

उत्तर २ (राजेंद्रनगर, इंदूर)

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मला तिच्या जन्मानंतर कळले, त्यामुळे तुमच्यापुढे आहे ती निवड माझ्यापुढे कधी आलीच नाही, आणि त्याविषयी मी बोलणे बरे दिसणार नाही. मागण्याविषयी मात्र सांगू शकते.

पहिले तीन महिने मी ती "बरी" व्हावी असे मागत होते, जणू तिला ताप आला होता. तिचे स्नायू इतके सैल होते की स्तनपान जमेना. काढलेले दूध वाटी-चमच्याने, तिला उभी धरून, पाऊण-पाऊण तास पाजावे लागे आणि अर्धे दुपट्यावर ओघळत असे. त्या दिवसांत माझे मागणे आपोआप लहान झाले: या वेळचे दूध पोटात राहू दे. पाचव्या महिन्यात हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत मला जप आठवला नाही, मी नुसते आकडे मोजत होते. त्याला कुणी श्रद्धा म्हणावे की म्हणू नये, मला ठाऊक नाही.

सव्वादोन वर्षांची झाल्यावर ती चालली. बोलणे अजून अस्पष्ट आहे, रोज सकाळी थायरॉईडची गोळी लागते, पोह्यांवरची शेव आधी वेचून खाते आणि मग जिरावण मसाला मागते. आरती संपल्यावरही घंटा वाजवत राहते. शेजारच्या काकूंनी एकदा तक्रार केली होती, आता तेवढ्या वेळात त्या दार लावून घेतात. खर्च आणि धावपळ मोठी आहे हे मी लपवणार नाही. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीची चौकशी करा, आणि अपंगांसाठीच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, तेही पाहा. आम्ही गेल्यावर हिचे कोण, हा प्रश्न मात्र रोज रात्री असतो, आणि त्याला कोणतीच योजना पुरत नाही.

उत्तर ३

मी चार वर्षांपूर्वी गर्भ ठेवला नाही. हृदयाचा दोष गंभीर होता, घरात अंथरुणाला खिळलेले सासरे होते आणि कमावती मी एकटी होते. सहा महिने देवघरात गेले नाही. नंतर जाऊ लागले. श्रद्धा खोटी होती असे मला वाटत नाही. दुःख मात्र आहे, आणि ते असू द्यावे असे वाटते. ताईंना एवढेच सांगते की कोणाच्या भीतीपोटी निर्णय घेऊ नका, देवाच्याही नाही.

उत्तर ४ (निवृत्त शिक्षक, कीर्तनकार)

सूनबाई, तुम्हाला लवकरच कोणीतरी अष्टावक्राची कथा ऐकवील: बापाने गर्भातच शाप दिला, आठ ठिकाणी वाकडा जन्मला आणि जनकाच्या दरबारात पंडितांना जिंकून आला. मीही ती कीर्तनात पुष्कळदा सांगितली आहे. एकदा आख्यान संपल्यावर एका मतिमंद मुलाचे वडील भेटून म्हणाले, "बुवा, माझा मुलगा कोणाला जिंकणार नाही, मग त्याचे काय?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी त्या कथेत शेवटच्या विजयापेक्षा बापाच्या शापावर अधिक बोलतो, कारण वाकडेपणाचे खापर कथेनेसुद्धा गर्भावर किंवा आईवर फोडलेले नाही. तुमच्या प्रारब्धाचा हिशेब करणाऱ्यांना सांगा की कर्माची गती गहन आहे असे आपण म्हणतो, ते दुसऱ्याचे कर्म मोजता येत नाही म्हणूनच.

शब्द येत नसतील तर हात जोडून बसा. तीही उपासनाच आहे. सासूबाईंनी पारायण मूल व्हावे म्हणून केले होते. निर्णय त्यांच्या हाती यावा म्हणून केले नव्हते, हे त्यांना कोणीतरी हळूच सांगायला हवे, आणि ते काम यजमानांचे आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. गुरुवारी सकाळी साडेदहाला इको आहे. यजमानांना उत्तरे वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. फाईलमध्ये लावण्यासाठी लिफाफा ताम्हनाखालून काढला, तर त्यावर ओल्या कुंकवाचे अर्धे वर्तुळ उमटले होते. आतला कागद कोरडा आहे. निर्णय अजून झालेला नाही. सासूबाईंनी विचारले की खजराण्याला स्वस्तिक सुलटे करायला कधी जायचे. मी म्हटले, आई, आत्ता नको.