बालकल्याण समिती मोडीत काढा म्हणणाऱ्यांना उत्तर

गोदाकाठची
काल सातपूरकर यांनी लिहिलं, की नाशिक महापालिकेची महिला व बालकल्याण समिती म्हणजे शिलाई मशीन वाटप आणि हळदीकुंकू. ती मोडीत काढा, मुलांची सुरक्षा आणि आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती द्या, नगरसेवकांचं तिथे काम नाही. खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणून मोकळे. मला हे पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अधिकाऱ्यांच्याच हाती होतं की सगळं! मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढे जवळपास चार वर्षं सरकारने नेमलेला प्रशासक. महासभा तेच, स्थायी समिती तेच. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. शहरात पाळणाघरं किती, वसतिगृहं किती, त्यातली नोंदणीकृत किती, हे त्या काळात महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, उभं राहून कोणी विचारायचं? नोव्हेंबर 2022 आठवा. म्हसरूळच्या आश्रमातल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले, आणि त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वरजवळच्या एका आश्रमात लहानग्याचा खून झाला. तोवर या जागांच्या आत कोणी जाऊन मुलांशी बोललं होतं का?

माझं सांगते. मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला घराजवळच्या पाळणाघरात ठेवत होते. एकदा दुपारी लवकर गेले तर बाई बाजारात, दाराला बाहेरून कुलूप आणि आत नऊ मुलं. मागचं दार कपाट लावून बंद केलेलं. तक्रार घेऊन विभागीय कार्यालयात गेले, तिथून शिक्षण विभागात पाठवलं. ते म्हणाले, शाळा नाही, आमच्याकडे येत नाही. महिला-बालकल्याणवाले म्हणाले, परवाना आम्ही देत नाही. पोलीस म्हणाले, काही घडलं का? नाही ना? मग अर्ज देऊन ठेवा. शेवटी माजी नगरसेविका आल्या. मुदत संपलेली, अधिकार शून्य. पण त्या आल्या, कपाट हलवायला लावलं आणि पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी चक्कर मारत राहिल्या. दारात येऊन उभं राहणारं माणूस मला तेवढं एकच भेटलं.

सातपूरकर
ताई, तुमच्या नगरसेविका चांगल्या होत्या, मान्य. एका चांगल्या बाईवरून अख्खी व्यवस्था चांगली ठरत नाही.

21 एप्रिल 2021 ला झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, त्या दिवशी 22 माणसं गेली. तेव्हा प्रशासक नव्हता. महापौर होते, स्थायी होती, सगळ्या समित्या होत्या, आणि रुग्णालय महापालिकेचंच. त्याआधी टाकीबद्दल, देखभालीच्या कराराबद्दल महासभेत किती जणांनी तोंड उघडलं होतं? आणि बजेटमधला 5 टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी राखून ठेवायचा शासनाचा दंडक आहे. तो कशावर गेला? आमच्या प्रभागात ब्युटीपार्लरच्या प्रशिक्षणावर. एकाही शहरी आरोग्य केंद्रात बाळाचं वजन करायचा काटा त्यातून आलेला मी पाहिला नाही.

कायदा_एके_कायदा
दोघंही भावनेवर बोलताय. मी वकिली करते, त्यातही मुलांचीच प्रकरणं जास्त.

बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 41 म्हणतं, काळजी व संरक्षणाची गरज असलेली किंवा कायद्याशी संघर्षात आलेली मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी हवी. कलम 54 म्हणतं, तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्यक्ष जायचं, किमान तीन जणांनी, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा, आणि आठवड्याभरात अहवाल द्यायचा. 2021 च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढवले. नगरसेवक यात कुठेही नाही आणि नसावाच. कलम 74 मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. आपले नगरसेवक फोटोग्राफरशिवाय कुठे जातात? माझ्या एका प्रकरणात पीडित मुलीच्या घरी एक लोकप्रतिनिधी 'सांत्वनाला' गेले. चेहरा झाकायचं कोणाला सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत फोटो प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. त्या मुलीची शाळा बदलावी लागली, नंतर घर. मला त्या घराचा उंबरठा अजून आठवतो. म्हणून सांगते, लांब ठेवा यांना.

गोदाकाठची
वकीलताई, फोटोबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण कलम 54 ची समिती तीन महिन्यांनी गेली की नाही, हे कोण विचारणार? अहवाल जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे. आपल्याला कधी कळतं? मुलाचं नाव नको, चेहरा नको. किती संस्था, किती भेटी झाल्या, किती चुकल्या, एवढे आकडे दर तिमाहीला महासभेत वाचून दाखवा. त्यात कोणाची ओळख उघड होते?

निवृत्त_सिस्टर
मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली बरीच नवजात कक्षात. ऑगस्ट 2017 मध्ये सिव्हिलमध्ये, म्हणजे नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात, महिन्याभरात 55 बाळं दगावल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. बाळाला ऊब देणाऱ्या एकेका वॉर्मरवर दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत होती, हेही छापून आलं. मी तेव्हा दुसरीकडे होते, पण आमच्याकडे वेगळं चित्र नव्हतं. एका रात्री माझ्यासमोर नऊशे ग्रॅमचं बाळ आलं, आणि जागा हवी म्हणून ज्याला हलवायचं ते अकराशे ग्रॅमचं. कोणाला हलवायचं ते ठरवायला डॉक्टर वरच्या मजल्यावर, मी एकटी. दोघांना शेजारी ठेवलं. जंतुसंसर्ग होईल हे मला माहीत होतं. तरी ठेवलं.

सिव्हिल राज्य सरकारचं, बिटको आणि झाकीर हुसेन ही रुग्णालयं महापालिकेची, गावाकडची केंद्रं जिल्हा परिषदेची. बाळ या तिघांमधून फिरतं. पेठ-सुरगाण्याहून निघालेली बाई तीन ठिकाणी 'पुढे न्या' ऐकून नाशिकला पोचते. महापालिकेच्या प्रसूतिगृहातून किती बाळं पुढे पाठवली आणि का, हे तिथल्या रजिस्टरमध्ये रोज लिहिलं जातं. त्या रजिस्टरवर महासभेत कधी एक लक्षवेधी सूचना लागलेली मला माहीत नाही. नगरसेवक वॉर्डात येत, नाही असं नाही. कोणाच्या तरी बिलाची सवलत मागायला.

सिडकोची_लेक
सगळे मोठ्या रुग्णालयांवर बोलताय. मूल आजारी पडतंय हे सगळ्यात आधी कळतं अंगणवाडीत. माझी आई महापालिकेच्या अंगणवाडीत सेविका होती, तुटपुंज्या मानधनावर. 2018 मध्ये मुंढे साहेब आयुक्त असताना कमी पटाच्या अंगणवाड्या बंद केल्या, त्यात आईचीही गेली. पट कमी होता, बरोबर. आमच्या भागात तिच्याकडे येणारी मुलं बांधकामावरच्या मजुरांची, आज आहेत, उद्या नाहीत. कुपोषण ओळखायला त्यांचे दंडघेर ती पट्टीने मापायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली पट्टी लाल दिसली की स्वतः रिक्षाने सिव्हिलच्या पोषण पुनर्वसन केंद्रात घेऊन जायची, पदरच्या पैशाने. ते कोणत्या पटात मोजलं?

सातपूरकर
मुंढेंबद्दल बोलाल तर मी गप्प बसणार नाही. कागदावर पस्तीस मुलं आणि खोलीत आठ, अशा अंगणवाड्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. खाऊ कोणाच्या घरी जात होता ते गल्लीला माहीत होतं. एक आयुक्त आला ज्याने मोजलं, तर नगरसेवकांनी करवाढीचं निमित्त करून अविश्वास ठराव आणला. तो बारगळला, पण नोव्हेंबरात त्यांची बदली झालीच. याच लोकांच्या हाती तुम्ही मुलं द्यायला निघालात?

सिडकोची_लेक
माझ्या आईने खाऊ घरी नेला असं म्हणायचंय का? स्पष्ट बोला.

सातपूरकर
तुमच्या आईबद्दल बोललो नाही.

सिडकोची_लेक
सेविकांबद्दल बोललात म्हणजे तिच्याबद्दलच बोललात. बंद करायच्या आधी एक अधिकारी येऊन बसला असता, दोन दिवस, फक्त दोन दिवस! पट कमी म्हणून कुलूप लावणं सोपं आहे. त्यानंतर त्या मजुरांच्या मुलांच्या दंडाला पट्टी लावायला कोण गेलं? चार डिसेंबर 2023 ला राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा हेच लोक म्हणत होते की पोरांचे हाल होतायत. म्हणजे तेव्हा सेविका लागतात, आणि मानधन द्यायची वेळ आली की चोर.

नाशिकरोडचा_दादा
विषय बालकल्याण समितीचा होता. अंगणवाडीचा वेगळा धागा काढा ना.

निवृत्त_सिस्टर
दादा, वेगळा कसा? 2022 च्या शेवटी मालेगावात गोवर पसरला तेव्हा डोस चुकलेली मुलं शोधायला घरोघर कोण गेलं? आशा आणि सेविकाच. नऊ महिन्यांचा डोस घेतला, सोळा महिन्यांचा राहिला, अशी मुलं कोणत्या गल्लीत आहेत हे साहेबांच्या संगणकावर नंतर दिसतं. मुलगी बोलतेय ते ऐकून घ्या.

नाशिकरोडचा_दादा
बरं, ऐकतो. पण मग सिंहस्थ कुंभमेळ्याचंही बोला. 2027 ला रामकुंडावर लाखोंची गर्दी होणार. रस्ते, पूल, साधुग्राम यांची चर्चा रोज वाचतो. हरवलेल्या पोराला कुठे बसवायचं, 1098 या बाल मदतवाहिनीचा माणूस कुठे उभा राहणार, रात्री पोराजवळ कोणती बाई थांबणार, यावर एक ओळ वाचलेली नाही. मागच्या सिंहस्थात माझी पुतणी तासभर सापडत नव्हती. एका फुलवालीने तिला टोपलीमागे बसवून ठेवलं होतं म्हणून मिळाली.

कायदा_एके_कायदा
हा मुद्दा खरा आहे. आणि हा नियोजनाचा प्रश्न आहे, कोणत्याही मुलाच्या फाइलचा नाही. त्यामुळे इथे नगरसेवकाने विचारायला माझी हरकत नाही. गोदाकाठचीताई, तुमच्या तिमाही आकड्यांवरही रात्री विचार केला. फक्त आकडे असतील, संस्थेत कोण मूल आहे याचा मागमूस नसेल, तर कायदा आड येत नाही. लहान संस्थेत तीनच मुलं असतील तर आकड्यावरूनही मूल ओळखता येतं, हे लक्षात ठेवा. समितीच्या भेटीत नगरसेवक नको, यावर मी ठाम आहे.

गोदाकाठची
भेटीत नको, मान्य. मला जड जातंय, कारण माझ्या दारात तीच बाई आली होती. पण तुमच्या त्या मुलीचं घर बदलावं लागलं, ते वाचल्यावर मी हट्ट धरणार नाही.

सातपूरकर, समिती मोडली तर प्रश्न विचारायची जागाच मोडते. 5 टक्के निधीचा हिशेब तुम्हाला हवाय ना? तो मागायला तरी कोणीतरी निवडून आलेलं बसलेलं हवं. निवडणूक झाली आहे. आपल्या प्रभागातल्या चौघांना मी लेखी चार प्रश्न देणार: कलम 54 च्या भेटी किती झाल्या, महापालिकेच्या प्रसूतिगृहांतून किती बाळं पुढे पाठवली आणि कोणत्या कारणाने, पाळणाघरांची यादी कोणत्या विभागाकडे आहे, आणि सिंहस्थात हरवलेल्या मुलांसाठी जागा कुठे.

सातपूरकर
समिती ठेवून फरक पडेल असं मला अजूनही वाटत नाही. पण निधीचा पाचवा प्रश्न घातलात तर मी सही करतो. बालकांवर किती आणि शिलाई मशीनवर किती, वेगवेगळं मागा. आणि सिडकोच्या ताईंना सांगतो, मी पाहिलेल्या त्या दोन अंगणवाड्या सिडकोतल्या नव्हत्या. तुमच्या आईचं मला माहीत नव्हतं.

सिडकोची_लेक
ठीक आहे. सहावा प्रश्न माझा घाला: 2018 ला बंद केलेल्या अंगणवाड्यांमधली मुलं त्यानंतर कोणत्या अंगणवाडीत गेली, त्याची नोंद. नसेल तर 'नोंद नाही' असं लेखी द्या म्हणावं. आई अजून त्यातल्या काहींची नावं सांगते.

निवृत्त_सिस्टर
प्रसूतिगृहाच्या प्रश्नात 'वजनासह' हे शब्द घाला. नुसता आकडा दिला तर काहीच कळणार नाही. रजिस्टरमध्ये वजन असतंच.