विषय: शनिवार, ७ नोव्हेंबर – फटाक्यांची वेळ आणि जागा

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या कार्यक्रमात वाहनतळावर फटाके उडवणार असाल तर कोणते, किती वाजता आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे शुक्रवारपर्यंत लेखी द्या, असा सभागृहाच्या व्यवस्थापकांचा निरोप आला आहे. नाटक पावणेअकराला संपेल असे धरून सांस्कृतिक समितीने सव्वाअकराला भुईनळे आणि थोडे बाण असा बेत ठरवला आहे. दिवाळीत रात्री एकपर्यंत परवानगी असते असे गेल्या सभेत सांगण्यात आले होते. तसेच कळवू का?

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष

सचिवताई, कृपया तसे कळवू नका. २००४ च्या नियमांनुसार इंग्लंडमध्ये रात्री अकरा ते सकाळी सात फटाके उडवण्यास मनाई आहे आणि सवलत वर्षातून चारच रात्री मिळते: ५ नोव्हेंबरला बारापर्यंत, तर ३१ डिसेंबर, चिनी नववर्ष आणि दिवाळी या दिवशी एकपर्यंत. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी, ८ तारखेला आहे आणि आपला कार्यक्रम आदल्या दिवशी. त्यामुळे शनिवारी अकरानंतर पेटवलेला साधा भुईनळाही बेकायदा ठरेल. जागच्या जागी ९० पौंड दंड होऊ शकतो. प्रकरण कोर्टात गेले तर दंडाला वरची मर्यादा नाही आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. हे सारे काडी लावणाऱ्या स्वयंसेवकाच्या माथी येईल, म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

प्रेषक: संस्थापक सदस्य

आपली दिवाळी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत असते. नियम करणाऱ्यांनी ती एका दिवसात कशी बसवली, हे मला आजवर उमगलेले नाही. गेल्या वर्षी अनेक उत्तर भारतीय कुटुंबांनी २० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन केले आणि आपण पंचांगाप्रमाणे २१ ला केले. तेव्हा सवलतीची रात्र कोणती धरायची होती? मंडळाने हा प्रश्न खासदारांपुढे मांडावा, मसुदा करून देण्यास मी तयार आहे.

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष

काका, आपला मुद्दा रास्त आहे आणि पत्र जरूर जावे. मात्र यंदा ८ तारखेबद्दल कोणाचेच दुमत नाही आणि ७ तारीख कोणत्याही हिशेबाने लक्ष्मीपूजनाची ठरत नाही.

मला वेळेपेक्षा जागेची चिंता अधिक वाटते. रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी फटाके उडवणे हा १८७५ च्या स्फोटक पदार्थ कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे. वाहनतळ सभागृहाच्या मालकीचा असला, तरी मागच्या गल्लीतली माणसे रात्री-अपरात्री त्यातूनच बसथांब्याकडे जातात आणि कुंपणाची ती फट कधीच बंद नसते. जिथे कोणीही बिनदिक्कत ये-जा करतो ती जागा खासगी आहे असे पोलिसांना पटवणे कठीण जाईल. शिवाय काल मी स्वतः मोजले, तर कचऱ्याच्या पेट्यांपासून कुंपणापर्यंत जेमतेम २२ मीटर भरले. एफ-२ वर्गाच्या, म्हणजे अंगणासारख्या लहान मोकळ्या जागेसाठीच्या फटाक्यांना किमान ८ मीटर अंतर लागते, ते मिळेल. पण एफ-३ च्या, म्हणजे मोठ्या मैदानासाठीच्या फटाक्यांच्या वेष्टनावर बहुधा २५ मीटर लिहिलेले असते, म्हणजे मोठे बाण बादच.

प्रेषक: नाट्यविभाग

कोणी सुचवण्याआधीच नम्रपणे सांगते की तिसऱ्या अंकातले एक वाक्यही कापले जाणार नाही. कलाकार जूनपासून तालमी करत आहेत. मात्र फटाके नाटकानंतरच का हवेत? नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि साडेपाचला चांगला काळोख असतो. पडदा सातला उघडतो. सहाला फटाके उडवले तर लहान मुले जागी असतील आणि शेजाऱ्यांचीही झोपमोड होणार नाही.

प्रेषक: एडिनबरोहून आलेले सदस्य

स्कॉटलंडमध्ये सर्वसामान्यांना फटाके उडवण्याची मुभाच संध्याकाळी सहा ते रात्री अकरा एवढी आहे, म्हणून सहाची वेळ मला योग्य वाटते. तिथे २०२४ साली १ ते १० नोव्हेंबर या काळात शहराचे चार भाग नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर झाले होते आणि तिथे स्वतःच्या परसातही फटाके उडवता येत नव्हते. आमच्या शेजारच्या आजींचा कुत्रा त्या दहा दिवसांत प्रथमच खाटेखालून बाहेर येऊन जेवला, हे मी स्वतः पाहिले आहे.

प्रेषक: संस्थापक सदस्य

कुत्र्याविषयी सहानुभूती आहे, पण आपण इंग्लंडमध्ये राहतो आणि इथे असे क्षेत्र जाहीर झालेले नाही. नसलेल्या बंधनांची सवय आधीच लावून घेऊ नये.

प्रेषक: सभागृह-व्यवस्था

सर्वांना विनंती आहे की सभागृहाशी पत्रव्यवहार माझ्यामार्फतच व्हावा. दोन वर्षांपूर्वी तीन जणांनी तीन वेगवेगळ्या वेळा कळवल्या होत्या आणि अनामत रक्कम सोडवून घेताना मला काय सोसावे लागले, ते कार्यकारिणी जाणते.

पत्रात मी पुढीलप्रमाणे लिहीत आहे. फटाके सहा ते साडेसहा या वेळेत, सभागृहाची लेखी संमती मिळाली तरच आणि फक्त एफ-२ वर्गाचे असतील. कुंपणाच्या फटीपाशी आणि फाटकाशी आपले दोन-दोन स्वयंसेवक पावणेसहापासून उभे राहून ये-जा थांबवतील. ती थांबवण्यास व्यवस्थापक राजी नसतील तर फटाके रद्द होतील. युवा शाखेने पेटवण्याचे काम मागितले आहे, परंतु अठरा वर्षांखालील कोणाच्याही हाती फटाके द्यायचे नाहीत. फुलबाज्या विझल्यावर बुडवण्यासाठी पाण्याच्या चार बादल्या लागतील, त्या स्वयंपाकघरातल्या नकोत. आणि कोणी देशातून सुतळी बॉम्ब आणून ठेवले असतील तर ते घरीही उडवू नयेत. नुसता धमाका करणाऱ्या फटाक्यांची विक्री इथे १९९७ पासून बंद आहे आणि विमानातून ते आणणे हाही गुन्हाच आहे.

फाटकाशी उभे राहण्यास कोण तयार आहे, ते गुरुवारी रात्रीपर्यंत कळवावे. त्याखेरीज मी पत्र पाठवणार नाही.