सल्ला हवाय: आजोबांच्या राज्यघटनेच्या इतिहासावरच्या पुस्तकाला एका मोठ्या गवयाचं पत्र, नव्या आवृत्तीत कसं घ्यावं?

परभणीकर_नातू
नमस्कार मंडळी. आमचे आजोबा परभणीला वकिली करायचे, कायदा उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकलेले. त्यांनी सत्तरच्या दशकात हैद्राबाद संस्थानापासून भारताच्या राज्यघटनेपर्यंतचा इतिहास मराठीत लिहिला, एकच आवृत्ती निघाली, आता कुठंच मिळंना. आम्ही भावंडं मिळून दुसरी आवृत्ती काढायलोत. तर आत्याच्या ट्रंकेत एक अंतर्देशीय सापडलं, आजोबांचे जिवलग मित्र म्हणजे एक फार मोठे गवई (नाव आत्ता लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना अजून विचारलं नाही, पण नाव घेतलं की तुम्ही सगळे ओळखाल) त्यांनी पुस्तक वाचून लिहिलेलं. निळा कागद घड्यांवर फाटायला आलाय, अक्षर बारीक, जागा संपली म्हणून शेवटच्या ओळी कडेनं उभ्या लिहिल्यात. मनमाड-काचीगुडा गाडीत वाचायला घेतलं आणि नोव्हेंबर १९४९ चं प्रकरण संपेपर्यंत खाली ठेवलं नाही असं म्हणतात, पुढं ते प्रकरण शिष्यांना रियाजानंतर मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणे. आणि खाली दोन तक्रारी पण आहेत, टाईप फार बारीक आहे आणि शेवटी सूची नाही, एक नाव शोधायला अख्खं पुस्तक चाळावं लागतं.

काकांचं म्हणणं कौतुकाच्या तीन ओळी कव्हरवर मोठ्या अक्षरात टाका, बाकी राहू द्या. मला ते पटंना. पत्र जपायचं कसं, छापायचं कसं, परवानगी कुणाची घ्यायची, जाणकारांनी सांगा प्लीज.

मोंढा_नाका
काकांचं बरोबर आहे भाऊ. घटनेचा इतिहास म्हणलं की लोक पुस्तक उचलतच नाहीत, एवढं मोठं नाव कव्हरवर दिसलं तर पाच माणसं जास्त हातात घेतील. त्यात वाईट काय?

कागदवाली_ताई
आधी कागदाचं बघा, बाकीचं नंतर. लॅमिनेशन अजिबात करू नका, लोक प्रेमानं करतात आणि कागद कायमचा जातो, ते परत निघत नाही. सेलोटेप पण नको, त्याचा गोंद पिवळा पडून शाईत उतरतो. घडी एकदा उघडली की पुन्हा त्याच घडीवर दुमडू नका, ॲसिड-फ्री फोल्डरमध्ये सपाट ठेवा, प्लास्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत दमट होतं. कसरीसाठी डांबरगोळ्या थेट कागदाजवळ ठेवू नका. फाटलेल्या घड्या स्वतः चिकटवत बसू नका, जपानी टिश्यू आणि खळीनं हे काम करणारे जाणकार असतात, त्यांच्याकडूनच करून घ्या. आणि आजच्या आज फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन काढा, दोन्ही बाजू, पत्त्याची बाजू पण, पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा आहे तुमच्याकडं. मूळ पत्र घरात ठेवायचं नसेल तर संभाजीनगरला राज्य पुरालेखागाराची शाखा आहे, स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था आहे, जाऊन बोला.

कोर्टकचेरी_बीड
कायद्याचं सांगतो. कागद तुमच्या मालकीचा, मजकूर नाही. पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मागं वारसांचा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणं लेखक गेल्यावर ६० वर्षं, आणि हयातीत कधीच छापलं नसेल तर पहिल्यांदा छापल्यापासून ६० वर्षं. म्हणजे तीन ओळी कव्हरवर टाकायच्या तरी बुवांच्या वारसांची लेखी परवानगी घ्याच. फोनवरचा होकार पुरत नाही. सगळे वारस कोण ते विचारून घ्या, नाहीतर एकानं दिली आणि दुसरा नोटीस पाठवतो.

लातूर_रोड
आणि जुन्या प्रकाशकाचं? मी वाचलंय करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांनी हक्क आपोआप लेखकाकडं परत येतात.

कोर्टकचेरी_बीड
ते इथं लागू नाही. पाच वर्षांचं कलम १९९४ च्या दुरुस्तीत आलं आणि त्याआधीच्या करारांना ते लागत नाही असं त्याच कलमात लिहिलंय. सत्तरच्या दशकातला करार असेल तर तो कागद शोधा, त्यात फक्त एका आवृत्तीचे हक्क दिलेत का कायमचे ते बघा. त्यावर सगळं आहे.

अंबाजोगाई_मास्तर
मोंढा नाका, तुमचा हेतू चांगला आहे पण मी पूर्ण पत्र छापा असंच म्हणेन, तक्रारींसकट. बुवांनी नेमकं नोव्हेंबर १९४९ चं प्रकरण उचललं यातच त्यांचं वाचन दिसतं. आपल्या भागातल्या पोरांना हे कुणी शिकवत नाही. घटना समिती ९ डिसेंबर १९४६ ला बसली तेव्हा निजाम वेगळं राहायचं ठरवायलेला, नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजामात जैसे थे करार झाला, म्हणजे आहे तसंच तूर्त चालू ठेवायचं, पोलीस ॲक्शन म्हणजे भारतीय फौजेची कारवाई सप्टेंबर १९४८ ला, आणि त्यानंतरही हैद्राबादच्या जागा घटना समितीत रिकाम्याच राहिल्या. मग २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामानं फर्मान काढून ही घटना हैद्राबादला लागू राहील असं जाहीर केलं, घटना मंजूर व्हायच्या तीन दिवस आधी. ज्या निजामाविरुद्ध लोक तुरुंगात गेले, त्याच्याच सहीनं घटना आपल्याकडं आली, आणि २६ जानेवारी १९५० पासून तोच राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा राज्याचा प्रमुख. लोकांचं मत मोजलं गेलं ते १९५२ च्या निवडणुकीत. ही गोष्ट एका गवयाला गाडीत बसून वाचताना लागली आणि त्यानं शिष्यांना वाचून दाखवली, हे तीन ओळींच्या कौतुकात कसं येणार सांगा.

माझा सल्ला, पत्र प्रस्तावनेच्या आधी एका पानावर हस्ताक्षरातच छापा, समोरच्या पानावर टाईप केलेला मजकूर, जिथं अक्षर लागत नाही तिथं चौकोनी कंस टाकून तसं सांगा, अंदाजानं शब्द भरू नका. आणि पुस्तक १९५६ ला थांबत असेल तर पुढचं एखादं टिपण जोडा. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१(२) आलं, मराठवाड्यासारख्या भागांसाठी वेगळ्या विकास मंडळांची तरतूद करणारं, आणि ती मंडळं प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. पण टिपण तुमच्या नावानं टाका, आजोबांच्या मजकुरात घुसडू नका.

मोंढा_नाका
सर, हे फर्मानाचं मला खरंच माहीत नव्हतं. मग पूर्णच छापा. मागच्या कव्हरवर फक्त 'अमुक यांच्या पत्रासह' एवढं टाकलं तरी चालंल की.

परभणीकर_नातू
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना मास्तरांची पोस्ट वाचून दाखवली, ते पूर्ण पत्राला तयार झालेत. ताई, स्कॅन काढून घेतले, शिक्का वाचता येतोय. बुवांच्या मुलीला परवानगीचं पत्र स्पीड पोस्टनं पाठवायलोय, सोबत स्कॅनची प्रिंट पण, त्यांच्याकडं आजोबांची उत्तरं असतील तर बघायला मिळतील का तेही विचारलंय. कराराचा कागद काकांच्या कपाटात शोधणं चालू आहे. टाईप या वेळी १४ पॉइंटचा ठेवणार. आता सूची. पुस्तकात काही फर्मानं उर्दू लिपीत आहेत, ती इनपेजमध्ये (उर्दू टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाईप करून नीट तपासणारं आणि मराठी नामसूची करून देणारं माणूस नांदेड-परभणीकडं कुणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मानधन देणार आहोत.

कागदवाली_ताई
उर्दूचं तपासणारे एक निवृत्त सर आहेत माझ्या ओळखीत, त्यांना विचारून व्यनि करते. सूची मात्र पानं पक्की झाल्यावरच करायला घ्या, आधी केली तर पानांचे आकडे सगळे हलतात.