विषय: ऑफिसचा व्हॉइसमेल सोमवारी सगळं विसरतो

मंडळी, नमस्कार.

प्रश्न मंडळाच्या कामाचा नाही, माझ्या नोकरीतला आहे, तेव्हा आधीच माफी मागते. आमच्या ऑफिसात भिंतीवर फोनचा एक जुना डबा आहे, त्यातच व्हॉइसमेल. बारा माणसं, बारा मेलबॉक्स. गेले दोन महिने एखाद्या सोमवारी येऊन बघावं तर सेटिंग गायब. चार रिंगनंतर फोन व्हॉइसमेलवर जायला हवा, तो दोनलाच जातो. पासवर्ड सगळे मूळपदावर. वर भर दुपारी लोकांना "ऑफिस बंद आहे" असं ऐकवतो. मी बसून सगळं पुन्हा भरते, दोन-तीन आठवडे बरे जातात, की पुन्हा तेच. सर्व्हिसवाला म्हणतो नवीन घ्या, साहेब म्हणतात तूच बघ. कुणाला यातलं कळतं का?

चिटणीस

उत्तर: ऑफिसचा व्हॉइसमेल

ताई, माफी कसली. माझी निम्मी नोकरी असल्या डब्यांपुढे स्टुलावर उभं राहून गेली.

कशालाही हात लावण्याआधी दोन गोष्टी सांगा. सेटिंग जातात तेव्हा जुने निरोप आणि लोकांनी स्वतःच्या आवाजात भरलेली ग्रीटिंग शिल्लक असतात का? आणि त्या दिवशी आलेल्या निरोपाची तारीख-वेळ डबा काय सांगतो?

खजिनदार

उत्तर: ऑफिसचा व्हॉइसमेल

काका, निरोप आणि ग्रीटिंग जशीच्या तशी असतात. तारखेचं विचारलंत ते बरं झालं. परवाच्या सोमवारी ९ वाजता आलेल्या निरोपाला तो "१ जानेवारी, रात्री १२ वाजून ५० मिनिटं" म्हणाला. जुनं यंत्र आहे, चालायचंच, म्हणून मी सोडून दिलं होतं.

चिटणीस

उत्तर: ऑफिसचा व्हॉइसमेल

अहो, तेच तर सोडायचं नव्हतं!

आवाज फ्लॅश मेमरीत राहतात, तिला वीज लागत नाही. तुमच्या डब्यात रिंगची संख्या, पासवर्ड आणि वेळापत्रक वेगळ्या मेमरीत दिसतात. वीज गेली की ती मेमरी आणि घड्याळ दोन्ही एका बटणासारख्या बॅटरीवर तग धरतात. बॅटरीने साथ सोडली की घड्याळ मध्यरात्रीपासून नव्याने सुरू होतं. दुपारी "ऑफिस बंद" का, तर डब्याच्या मते तेव्हा पहाट असते. तारीख बरोबर राहून नुसती सेटिंग गेली असती, तर मी वेगळा विचार केला असता. काही यंत्रांत बदल केल्यावर शेवटी "सेव्ह" असा वेगळा हुकूम द्यावा लागतो, तो राहून जातो.

आता हिशेब करा. ९ वाजता तो १२:५० म्हणाला, म्हणजे त्या दिवशी ८:१० ला त्याला वीज मिळाली. त्याआधी तो बंद होता. ८:१० ला ऑफिसात कोण येतं?

खजिनदार

उत्तर: ऑफिसचा व्हॉइसमेल

मी विचारणार नव्हतो, पण विषय निघालाय तर. आमच्याकडे डब्याऐवजी कॉम्प्युटरवर अ‍ॅस्टरिस्क आहे, म्हणजे ऑफिसचे फोन चालवणारं सॉफ्टवेअर. तिथंही व्हॉइसमेलची सेटिंग जातात. बॅटरी बदलू का?

एक सभासद

उत्तर: ऑफिसचा व्हॉइसमेल

नको. अ‍ॅस्टरिस्कची सेटिंग साध्या फाइलींत असतात, वीज गेल्याने पुसली जात नाहीत. तुम्ही फाइल हाताने बदलता आणि वर वेब पॅनेलही (ब्राउझरमधून सेटिंग बदलायचं पान) चालवता का? तसं असेल तर पॅनेल "अप्लाय" करताना स्वतःच्या फाइली नव्याने लिहितं आणि तुमचं लिहिलेलं जातं. बदल पॅनेलमधूनच करा, नाहीतर त्याने हातच्या बदलांसाठी राखलेल्या "कस्टम" फाइलीत. बाकीचं वेगळ्या विषयाखाली पाठवा, इथे गुंता होईल.

खजिनदार

उत्तर: ऑफिसचा व्हॉइसमेल

काका, चोर सापडला! दोन महिन्यांपूर्वी प्रिंटर हलवला, तेव्हा डब्याची वायर प्रिंटरच्याच प्लगच्या पट्टीत गेली. शुक्रवारी शेवटी निघणारा पट्टी बंद करतो, सोमवारी ८:१० ला येणारी सुरू करते. शनिवार-रविवारी कुणाचा निरोप येत नाही याचं आम्हाला कौतुकच वाटायचं.

पण मग दर सोमवारी का होत नाही? आणि तुम्ही बॅटरीचं म्हणालात म्हणून सेटिंग कागदावर उतरवून, प्लग काढून डबा उघडला. बॅटरी मीटरवर ३.०५ व्होल्ट दाखवते. चांगली आहे ना?

चिटणीस

उत्तर: ऑफिसचा व्हॉइसमेल

व्होल्ट बरे आहेत, पण लिथियमची बॅटरी अगदी संपत येईपर्यंत ३ च्या आसपासच दाखवते, तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका. "कधी होतं, कधी नाही" हे मलाही खटकतंय. तिच्यावर काय छापलंय ते भिंग घेऊन वाचा. आणि तिच्या खाली बोर्डावर काय छापलंय तेही.

खजिनदार

उत्तर: ऑफिसचा व्हॉइसमेल

बॅटरीवर सीआर२०२५. बोर्डावर सीआर२०३२. खोबणीत बोटाने दाबली तर हलते.

चिटणीस

उत्तर: ऑफिसचा व्हॉइसमेल

संपलं काम. पहिले दोन आकडे व्यास, २० मिलिमीटर. पुढचे दोन जाडी: एक २.५, दुसरी ३.२. दोन्ही ३ व्होल्टच्या, दोन्ही खोबणीत बसतात, पण पातळ सैल राहते. खोबणीतली वरची पत्र्याची पट्टी बॅटरीला टेकली तर मेमरी वाचते, कुणाचा धक्का लागला तर जाते. पूर्वी कुणीतरी हाताशी होती ती घातली असणार. कागदाची घडी सारून घट्ट करू नका, नवी २०३२ घाला. सेटिंग भरा, डबा रात्रभर बंद ठेवून बघा. दहा मिनिटांची परीक्षा फसवी असते, तेवढा वेळ बोर्डावरचा कपॅसिटरही (थोडी वीज साठवणारा भाग) मेमरी धरून ठेवू शकतो. आणि वायर त्या पट्टीतून काढा!

खजिनदार

उत्तर: ऑफिसचा व्हॉइसमेल

काका, बुधवारी रात्री मुद्दाम बंद ठेवला. गुरुवारी सकाळी तारीख बरोबर, चार रिंग, पासवर्ड जागेवर. वायर आता भिंतीतल्या वेगळ्या प्लगमध्ये आहे. आज सोमवारी पाच निरोप होते, सगळे शनिवार-रविवारचे. त्यातला एक सर्व्हिसवाल्याचा: नव्या डब्याचं काय ठरलं?

चिटणीस