कोविड वॉर्डातील ड्यूटी संपली, पण मनातून जात नाही

प्रश्न (स्टाफ नर्स, बीड जिल्हा):
2021 च्या दुसऱ्या लाटेत मी जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि आम्हां विद्यार्थिनींना कोविड वॉर्डात ड्यूटी लागली. पीपीई किट घालून तासन्‌तास पाणी न पिता काम करणे सोसले; परंतु नातेवाइकांना आत प्रवेश नसल्यामुळे एका आजींच्या कानाशी मोबाईल धरून मुलाचा आवाज ऐकवत असताना त्या गेल्या, आणि लगेच मला दुसऱ्या खाटेवरचे सलाईन बदलावे लागले, हे अजून विसरता येत नाही. आजही मॉनिटरचा अलार्म वाजला की हात थरथरतात आणि रात्री झोप मोडते. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यास नोकरीच्या ठिकाणी कळेल का?

उत्तर (इन्चार्ज सिस्टर, लातूर):
पोरी, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मीही विद्यार्थिनी असतानाच जखमींच्या पट्ट्या बदलल्या होत्या, आणि भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला म्हणून असेल, पुढे कित्येक वर्षे मला त्याच वेळी जाग येत असे. आम्हाला कोणीही काही विचारले नाही. त्या आजी एकट्या गेल्या नाहीत, तू जवळ होतीस, एवढे लक्षात ठेव.

उत्तर (मानसोपचार परिचर्येच्या अध्यापिका, छत्रपती संभाजीनगर):
आवाजाने दचकणे, झोप मोडणे आणि तोच प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणे हे महिन्याहून अधिक काळ चालले, तर तो आघातानंतरचा ताणविकार असू शकतो. निदान मात्र तपासणीनंतरच होते आणि समुपदेशनाने, गरज भासल्यास औषधांनीही, बरे वाटू शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे, तेव्हा नोकरीच्या भीतीने थांबू नका. सुरुवातीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येईल. कोविडच्या काळात आम्ही अध्यापकांनी विद्यार्थिनींना केस बुक (रुग्णांच्या नोंदींची अभ्यासवही) पूर्ण झाले का, हे विचारले. वॉर्डात काय पाहिले, हे विचारले नाही. ती आमची चूक होती.

उत्तर (ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, नांदेड):
कोविड ड्यूटी करतो म्हणून घरमालकाने मला खोली सोडायला लावली होती. तो राग मीही अनेक महिने कोणाजवळ बोललो नव्हतो. ताई, फोन करताना सोबत कोणी असावे असे वाटल्यास इथे कळवा.