एकाच बसनं तिघं लेट, मेमो फक्त मलेच

जिनिंगवाला, यवतमाळ जिल्हा
भावांनो, मी जिनिंगमधी रेच्यावर, म्हंजे कापसातून सरकी वेगळी करायच्या मशीनवर, काम करतो. मागं एसटीच उशिरा आली, आम्ही तिघंही सोबतच उतरलो न् सोबतच गेटात शिरलो, तरी त्या दोघाईले मुकादम म्हणे जा लागा कामाले, अन् मले मेमो देऊन हप्ताभर घरी बसवलं, पगार कट. ते दोघं मॅनेजरच्या समाजाचे, मी बौद्ध. आधी एकही मेमो नाई माहा, अन् त्यातला एक तर दारू पिऊन आला होता तरी तोंडी समज देऊन सोडला. अ‍ॅट्रॉसिटी लागते का? घरचे म्हणतात गप राह्य, पण मले हे पटूनच नाई राहिलं.

हिंगणघाटचा जुना कामगार
गप राहू नको भाऊ. पहिले मेमोचं उत्तर लेखी दे अन् पोच घे. साधं लिही, तारीख, बस, तिघं सोबत, शिक्षा एकालेच कावून. हजेरीत तिघाईची वेळ एकच असन तर तोच मोठा पुरावा. महाराष्ट्रात 1971 चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा हाय, यूएलपी म्हणतात, त्याच्या चौथ्या अनुसूचीत 5 नंबरले काही कामगाराईले झुकतं माप देणं हे सरळ अनुचित धरलंय. तक्रार औद्योगिक न्यायालयात, 90 दिवसांच्या आत. जात सिद्ध नाई झाली तरी पक्षपात सिद्ध करता येते, लोकं हेच विसरतात न् मुदत घालवून बसतात.

वणीकर
तू कंपनीच्या रोलवर हायेस का ठेकेदाराचा? ठेकेदाराचा असशीन तर मालक म्हणन हा आमचा माणूसच नाई, अन् केस तिथंच अडकते.

जिनिंगवाला
पीएफ कंपनीच्या नावानंच कटते.

वर्ध्याची ताई
मग चांगलं हाय दादा. अ‍ॅट्रॉसिटीचं म्हणशील तर 1989 चा कायदा नुसत्या मेमोवर लागत नाई, चारचौघांत जातीवरून अपमान केला असन तर लागते. कोणी तसं बोललं का, कोणासमोर बोललं, ते आजच लिहून ठेव. त्या दोघाईवर साक्षीसाठी विसंबू नको, त्याईलेही नोकरी हाय.

जिनिंगवाला
तोंडावर कोणी नाई बोललं. मग यूएलपीच पाहतो. बस लेट होती याचं लेखी कुठं भेटन?

वणीकर
आगारात अर्ज टाक, नाई दिलं तर माहिती अधिकारात माग, एसटी महामंडळाले तो लागू हाय. अर्जात गाडीची वेळ न् मार्ग नीट लिही.